दुकानातील कॅमेरा : मोजणी आणि ओळख

विक्रेत्याने ग्राहकाचे निरीक्षण करणे ही व्यापारात नवी गोष्ट नव्हे. गल्ल्यावर बसलेला वाणी दुकानात कोण आले, कोणी नुसता भाव विचारला आणि कोण काही न घेता परतले याची मनोमन नोंद ठेवीतच असतो. आठवड्याच्या बाजारात भाजी विकणारी बाई कोणत्या बाजूने गिऱ्हाईक येते ते हेरून आपली पाटी मांडते. शहरांतील मोठ्या वस्तुभांडारांत हेच काम आता छताला लावलेले कॅमेरे आणि त्यांना जोडलेले संगणक करू लागले आहेत. एके काळी केवळ चोरी रोखण्यासाठी लावलेला कॅमेरा आज दुकानात किती माणसे आली, ती कोणत्या वाटेने फिरली, कोणत्या फळीपुढे किती वेळ थांबली आणि पैसे देण्याच्या रांगेत किती वेळ उभी राहिली, हे सांगू शकतो. या पद्धतीमुळे व्यापाऱ्याचा लाभ होतो, ग्राहकाचीही सोय होऊ शकते. तथापि मोजणी कोठे संपते आणि पाळत कोठे सुरू होते, हे प्रत्येक ग्राहकाने जाणून घेणे आवश्यक आहे.

स्वयंसेवेतून निर्माण झालेली गरज

पूर्वी ग्राहक फळीच्या अलीकडे उभा राहून वस्तू मागे आणि दुकानदार ती आतून काढून देई. १९१६ साली अमेरिकेतील मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी ‘पिगली विगली’ नावाचे किराणा भांडार उघडले आणि ही रीत बदलली. तेथे ग्राहक स्वतः टोपली घेऊन आत फिरे, हवी ती वस्तू उचली आणि शेवटी एका ठिकाणी पैसे देई. या पद्धतीने नोकरांवरील खर्च वाचला. परंतु एक गोष्ट दुकानदाराच्या हातून निसटली. ग्राहकाशी होणारे बोलणे थांबल्यामुळे त्याला काय हवे होते, काय सापडले नाही आणि तो का परतला, हे कळण्याचा मार्ग बंद झाला. विक्रीचा हिशेब केवळ घेतलेल्या वस्तूंचा असतो. न घेतलेल्या वस्तूंविषयी तो मूक असतो. ही उणीव भरून काढण्याच्या प्रयत्नातूनच ग्राहकांच्या हालचालींचा अभ्यास पुढे आला.

चित्रणाच्या साहाय्याने अभ्यास

या अभ्यासाचे मूळ दुकानात नसून सार्वजनिक चौकात आहे. अमेरिकन लेखक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या सुमारास न्यूयॉर्क शहरातील चौकांचे निरीक्षण सुरू केले. काही चौक गजबजलेले तर काही ओस का, हे शोधण्यासाठी त्यांनी उंचावर कॅमेरे ठेवून ठरावीक अंतराने चित्रे घेतली आणि दिवसभरातील वावर काही मिनिटांत पाहता येईल अशी सोय केली. निष्कर्ष अगदी साधा निघाला : जेथे बसण्यास जागा असते तेथे माणसे बसतात, आणि जेथे माणसे असतात तेथे आणखी माणसे येतात. या कामाचा उपयोग होऊन न्यूयॉर्क शहराने १९७५ साली अशा चौकांच्या बांधकामविषयक नियमांत सुधारणा केल्या. व्हाइट यांचे या विषयावरील पुस्तक १९८० साली प्रसिद्ध झाले.

व्हाइट यांच्या कार्यापासून स्फूर्ती घेऊन पॅको अंडरहिल यांनी हीच पद्धत दुकानांत नेली. त्यांच्या १९९९ सालच्या पुस्तकात आलेले एक उदाहरण बोधप्रद आहे. न्यूयॉर्कच्या ब्लूमिंगडेल्स या मोठ्या भांडारात प्रवेशद्वाराजवळच्या मुख्य वाटेवर नेकटायांची मांडणी होती. दारातील वर्दळ पाहण्यासाठी लावलेल्या कॅमेऱ्यात असे दिसून आले की, टाय पाहणाऱ्या ग्राहकाला येणाऱ्याजाणाऱ्यांचा मागून एकदोनदा धक्का लागला की तो खरेदी सोडून निघून जातो. मांडणी वाटेवरून बाजूला हलविताच टायांची विक्री वाढली. वस्तू तीच, भाव तोच; बदलली ती केवळ उभे राहण्याची जागा. दारातून आत आल्यावर पहिल्या काही पावलांत ग्राहकाचे लक्ष स्थिर झालेले नसते, त्यामुळे तेथे ठेवलेल्या वस्तूंकडे आणि फलकांकडे दुर्लक्ष होते, हेही अंडरहिल यांचे एक प्रसिद्ध निरीक्षण होय.

आजची पद्धत

त्या काळी चित्रफिती तासन् तास पाहून माणसेच टिपणे काढीत. आता हे काम संगणक करतो. दारावर छतातून सरळ खाली पाहणारा कॅमेरा बसवितात. चित्रात एक काल्पनिक रेषा आखलेली असते. माणसाची आकृती ती रेषा ओलांडून आत आली की एक आवक आणि बाहेर गेली की एक जावक नोंदली जाते. दोन भिंगांचा कॅमेरा असेल तर आपल्या दोन डोळ्यांप्रमाणे त्याला अंतराचा अंदाज येतो. त्यामुळे उंची कळून मोठे माणूस, मूल आणि ढकलगाडी यांत फरक करता येतो. आतील कॅमेरे प्रत्येक आकृतीला तात्पुरता क्रमांक देऊन तिची वाट टिपतात. दिवसभराच्या अशा वाटा दुकानाच्या नकाशावर एकत्र केल्या की जेथे वावर अधिक तेथे लाल, जेथे कमी तेथे निळा असा रंगीत नकाशा तयार होतो. कोणता कोपरा ओस पडतो, कोठे गर्दी तुंबते, हे त्यावरून एका दृष्टिक्षेपात कळते.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. या साऱ्या कामासाठी ग्राहकाचा चेहरा लागत नाही. वरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याला डोके आणि खांदे दिसले तरी पुरते. काही यंत्रांत चित्र कॅमेऱ्यातच तपासून टाकून दिले जाते आणि बाहेर केवळ आकडा येतो.

आकडे वाचताना

आकडा मिळाला म्हणजे ज्ञान मिळाले असे नव्हे. दारात पडणाऱ्या सावल्या, दाटीवाटीने आत येणारी माणसे, दिवसातून अनेकदा ये-जा करणारे दुकानातीलच नोकर आणि पिशवी विसरली म्हणून परत आलेला ग्राहक यांमुळे मोजणी चुकते. म्हणून यंत्राचा आकडा अधूनमधून माणसाने प्रत्यक्ष मोजून ताडून पाहणे इष्ट असते.

अर्थ लावण्यातील चूक याहून मोठी ठरते. समजा, एका दुकानात दिवसभरात २०० माणसे आली आणि ४५ पावत्या झाल्या. माणसांच्या हिशेबाने खरेदीचे प्रमाण साडेबावीस टक्के पडते आणि दुकानदार चिंतेत पडतो. परंतु ही २०० माणसे ६० कुटुंबांतील असतील आणि प्रत्येक कुटुंबाची एकच पावती होत असेल, तर ६० पैकी ४५ म्हणजे पंचाहत्तर टक्के कुटुंबांनी खरेदी केली. आपल्याकडे लुगडे घेण्यास घरातील पाच माणसे जातात हे ज्याला ठाऊक नाही, त्याला हा आकडा फसवितो.

देशादेशांतील सवयीही भिन्न असतात. न्यूयॉर्कच्या ग्राहकाला धक्का खपत नाही म्हणून वाटा रुंद ठेवाव्यात असा निष्कर्ष निघाला. भारतात २००१ साली ‘बिग बझार’ ही भांडारे सुरू करणाऱ्या किशोर बियाणी यांचा अनुभव याउलट होता. रुंद, सरळ आणि नीटनेटक्या वाटांतून ग्राहक न थांबता पुढे निघून जात. अरुंद, वळणदार वाटा आणि ढिगांनी मांडलेला माल पाहून ते रेंगाळत. गर्दी म्हणजे माल स्वस्त आणि ताजा, असा अर्थ आपला ग्राहक काढतो हे त्यांनी हेरले होते. ही भांडारे २०२२ मध्ये अन्य कारणांनी बंद पडली, परंतु त्यातील धडा कायम आहे. कॅमेरा माणूस थांबल्याचे सांगतो; तो का थांबला हे सांगत नाही. ते जाणण्यासाठी माणसाने माणसाशी बोलावेच लागते.

रांगेचे गणित

या मोजणीतून ग्राहकाची थेट सोय होते ती रांगेच्या बाबतीत. रांगेच्या शास्त्राचा पाया डेन्मार्कमधील गणिती एर्लांग यांनी १९०९ साली कोपनहेगनच्या दूरध्वनी सेवेसाठी घातला. पुढे १९६१ साली जॉन लिटल यांनी एका उपयुक्त नियमाची सिद्धता दिली : एका तासात येणारी माणसे गुणिले प्रत्येकाने आत घालविलेला सरासरी वेळ म्हणजे कोणत्याही क्षणी आत असणारी सरासरी माणसे. तासाला ६० ग्राहक येत असतील आणि प्रत्येक जण २० मिनिटे, म्हणजे एकतृतीयांश तास थांबत असेल, तर दुकानात सरासरी २० माणसे असणार.

एका पावतीस २ मिनिटे लागत असतील तर एक कारकून तासाला ३० ग्राहकांचे काम उरकतो. तासाला २८ ग्राहक येतात म्हणून एक कारकून पुरेल असे वरवर वाटते. प्रत्यक्षात ग्राहक घड्याळ लावून येत नाहीत. कधी दहा एकदम येतात, कधी कोणीच येत नाही. त्यामुळे अशा ठिकाणी लांब रांग लागते. कोणत्या वेळी दुसरा कारकून बसवावा हे मोजणीवरून ठरविता येते. हा नियम दुकानाइतकाच दवाखान्याला, टपाल कचेरीला आणि दाखले देणाऱ्या खिडकीलाही लागू पडतो.

मोजणी संपते, पाळत सुरू होते

मोजणीसाठी चेहरा लागत नाही, तरीही तो टिपण्याचा मोह आवरला जात नाही. कॅनडातील कॅडिलॅक फेअरव्ह्यू या कंपनीने आपल्या १२ व्यापारी संकुलांतील दिशादर्शक फलकांत कॅमेरे बसविले होते. येणाऱ्यांची संख्या, अंदाजे वय आणि स्त्री-पुरुष भेद जाणून घेणे हा हेतू सांगण्यात आला. तेथील गोपनीयता आयुक्तांनी ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशी अहवालात असे आढळले की, सुमारे ५० लाख चेहरे ग्राहकांच्या नकळत तपासले गेले होते आणि त्या चेहऱ्यांची अंकरूप माहिती साठवूनही ठेवली गेली होती. ती साठवल्याची आपणास कल्पना नव्हती, असे कंपनीचे म्हणणे पडले. फलकावर दुकान शोधण्यासाठी उभ्या राहिलेल्या माणसाला आपला चेहरा तपासला जात आहे याची शंकाही येण्याचे कारण नव्हते.

गावातील वाणीही आपल्याला ओळखतो, मग यंत्राने ओळखले तर काय बिघडले, असे कोणी विचारील. फरक असा की, वाणी आपल्याला ओळखतो तसे आपणही वाण्याला ओळखतो. त्याच्या डोक्यातील नोंद विकली जात नाही, परगावी जात नाही आणि कालांतराने पुसली जाते. यंत्रातील नोंद कोणाकडे आहे, किती दिवस राहील आणि कोणाच्या हाती जाईल, हे ग्राहकाला कळत नाही.

कायद्याची चौकट

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ संमत केला. त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून माहिती गोळा करणाऱ्यांवरील मुख्य कर्तव्ये तेव्हापासून अठरा महिन्यांनी अंमलात यावयाची आहेत.

ज्या माहितीवरून व्यक्ती ओळखता येते ती वैयक्तिक माहिती, अशी या अधिनियमाची भूमिका आहे. म्हणजे ‘आज २०० माणसे आली’ हा आकडा त्यात बसत नाही. ओळखता येणारा चेहरा मात्र बसतो. संमती घेताना द्यावयाची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी भाषकांना हे विशेष महत्त्वाचे आहे, कारण राज्य कोणतेही असले तरी मराठीतून सूचना मागता येईल. अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनाचा माग ठेवण्यास या अधिनियमाने, काही अपवाद वगळता, मनाई केली आहे. माहितीच्या सुरक्षिततेत कसूर झाल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

दुकानदाराने आणि ग्राहकाने काय करावे?

लहान दुकानदाराला अथवा सहकारी भांडाराला महागड्या यंत्राची गरज असतेच असे नाही. एक आठवडाभर दर पाव तासाला किती ग्राहक आले आणि किती पावत्या झाल्या, याच्या रेघा वहीत ओढल्या तरी गर्दीची वेळ आणि ओस वेळ स्पष्ट होते. शाळेतील मुलांना गणिताचा प्रत्यक्ष पाठ म्हणून ही मोजणी करण्यास देता येईल. कॅमेरा लावावयाचाच असेल तर तो वरून पाहणारा असावा, चित्रे जरुरीपेक्षा अधिक काळ ठेवू नयेत, आणि कॅमेरा कशासाठी आहे हे सांगणारा फलक ग्राहकाला वाचता येईल अशा भाषेत व अशा जागी लावावा.

ग्राहकानेही तीन प्रश्न निःसंकोच विचारावेत. हा कॅमेरा माणसे मोजतो की चेहरे टिपतो? चित्रे किती दिवस ठेवली जातात? ती दुकानाबाहेर कोणाला दिली जातात काय? ज्या दुकानदाराचा हेतू केवळ मोजणीचा आहे, त्याला या प्रश्नांची उत्तरे देण्यास अडचण पडण्याचे कारण नाही.