रेकॉर्डवर छापलेला राग

पंक म्हटलं की डोळ्यांसमोर येतात ते रंगवून उभे केलेले केस आणि जॅकेटला टोचलेल्या सेफ्टी पिना. मला मात्र या चळवळीतली सगळ्यात बोलकी गोष्ट वाटते ती रेकॉर्डच्या कव्हरावर ठळक छापलेली किंमत.

पंक आकाराला येत होतं त्या 1976 साली ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर होती. सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरले, त्या बदल्यात सार्वजनिक खर्चाला कात्री लागली. कामगारवस्तीतून शाळा सोडून बाहेर पडणाऱ्या पोरांपुढे बेकारभत्त्याची रांग होती. पुढच्याच वर्षी राणीच्या कारकिर्दीचा रौप्यमहोत्सव थाटात सुरू असताना सेक्स पिस्टल्स या पंक बँडने राणीवरचं गाणं काढलं. बीबीसीने ते वाजवलं नाही, तरी खपाच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर पोहोचलं. बँडचा गायक जॉनी रॉटन उत्तर लंडनमधल्या आयरिश कामगार कुटुंबातला. त्याचा राग उसना नव्हता.

पण राग विकताही येतो. त्याच वर्षी क्लॅश या दुसऱ्या पंक बँडने सीबीएस या बड्या रेकॉर्ड कंपनीशी करार केला आणि अनेक चाहत्यांना दगा झाल्यासारखं वाटलं. क्लॅशचा गायक जो स्ट्रमर हा परराष्ट्र खात्यातल्या अधिकाऱ्याचा मुलगा, याचीही चर्चा होते. कोण कुठल्या घरात जन्मला यापेक्षा पोरांच्या खिशातला पैसा शेवटी कुणाकडे गेला, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो.

क्रास या बँडने तो प्रश्न अंगावर घेतला. एसेक्समधल्या डायल हाउस या शेतघरात, सर्वांसाठी दार उघडं ठेवून, ही मंडळी एकत्र राहायची. डॅगनमच्या कामगारवस्तीत वाढलेला स्टीव्ह इग्नोरंट आणि वयाने बराच मोठा, सुखवस्तू घरातला पेनी रिम्बो यांनी 1977 मध्ये हा बँड सुरू केला. लवकरच त्यांनी स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. यापेक्षा एक पेनीही जास्त देऊ नका, अशा अर्थाची सूचना किमतीसह कव्हरावरच छापली जाई. दुकानदाराला भाव वाढवायची सोयच उरली नाही. बेकारभत्त्यावर जगणाऱ्या मुलालाही रेकॉर्ड घेता यावी, एवढा साधा आणि कडवा हिशोब त्यामागे होता.

1984 च्या जुलैत क्रासचा शेवटचा कार्यक्रम झाला तो वेल्समधल्या ॲबरडेअर या खाणगावात, संपावरच्या खाणकामगारांना मदत म्हणून. तीन वर्षांनी अमेरिकेत, वॉशिंग्टनमध्ये, असाच हिशोब मांडणारा फुगाझी हा बँड उभा राहिला. त्यांनी तिकीट साधारण 5 डॉलरच्या आसपास ठेवलं, आणि कार्यक्रमाला कुठल्याही वयाच्या मुलांना येता यावं ही अट आयोजकांना घातली.