बांधकामाचे वेळापत्रक भरावयाचे कोणी?

इमारतीच्या कुंपणावरील फलकावर ताबा देण्याची तारीख ठळक अक्षरांत रंगविलेली असते आणि ती उलटून गेली तरी फलक तसाच उभा असतो, हे दृश्य महाराष्ट्रातील कोणत्याही शहराला नवीन नाही. घरभाडे आणि गृहकर्जाचा हप्ता एकाच पगारातून भरणारी नोकरदार कुटुंबे त्या तारखेचे मोल चांगले जाणतात. या दिरंगाईवरील उपाय म्हणून बांधकाम व्यवसायात प्रकल्पव्यवस्थापनाच्या संगणकप्रणालींचा आज बोलबाला आहे. मोठ्या कंपन्यांकडे त्या पूर्वीपासून होत्याच. आता मध्यम कंत्राटदारही विक्रेत्यांची प्रात्यक्षिके पाहू लागले आहेत. प्रात्यक्षिक नेहमीच देखणे असते. पडद्यावर रंगीत पट्ट्या सरकतात, एक काम लांबले की पुढची सारी कामे आपोआप पुढे ढकलली जातात आणि संचालकांच्या वातानुकूलित खोलीत खरेदीचा निर्णय होतो. परंतु त्या खोलीतून त्या प्रणालीत एकही नोंद व्हावयाची नसते. या खरेदीतील मूळ विसंगती ती हीच.

वस्तुतः वेळापत्रकाचे गणित सुटून आता जवळजवळ सात दशके होत आली. अमेरिकेतील ड्यूपाँट या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँड कंपनीचे जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास युनिव्हॅक संगणकाच्या साहाय्याने जी पद्धत बसविली, तीच आजच्या बहुतेक प्रणालींच्या पोटात आहे. तिचे तत्त्व सोपे आहे. स्लॅब ओतण्यापूर्वी सळई बांधून व्हावी लागते, विजेच्या नळ्या त्या सळयांमध्ये बसवून घ्याव्या लागतात. कुंपणाची भिंत मात्र यांपैकी कशाचीही वाट पाहत नाही. परस्परावलंबी कामांची जी सर्वांत लांब साखळी, तीच प्रकल्पाचा एकूण कालावधी ठरविते. तिच्यातील एक दिवस वाया गेला की प्रकल्पाचा एक दिवस जातो. तिच्याबाहेरील कामांना थोडीफार सवड असते. अमेरिकन नौदलाने १९५८ मध्ये पोलारिस क्षेपणास्त्रासाठी याच धर्तीची दुसरी पद्धत वापरली. पुढे १९८३ मध्ये प्रिमाव्हेरा ही कंपनी निघाली, १९८४ मध्ये मायक्रोसॉफ्टचा ‘प्रोजेक्ट’ आला आणि जे काम पूर्वी खोलीभर यंत्र करीत असे, ते मेजावर होऊ लागले. तात्पर्य, कोणती प्रणाली अधिक अचूक बेरीज करते, हा प्रश्न उरलेला नाही. बेरीज साऱ्याच करतात. ज्या आकड्यांची बेरीज करावयाची, ते कोठून येतात हा खरा प्रश्न आहे.

ते येतात बांधकामाच्या जागेवरून. सकाळी मुकादम हजेरी घेतो. किती गवंडी, किती बिगारी, सेंट्रिंगचे किती सुतार आले, हे त्याच्या खिशातील वहीत असते. तयार काँक्रीटची गाडी दोन तास रस्त्यात अडकली, पंप मध्येच बंद पडला, जिन्याच्या सळईचा नकाशा आणि तुळईचा नकाशा जुळेना म्हणून काम थांबले, हे सर्वप्रथम त्यालाच कळते. संध्याकाळी कनिष्ठ अभियंता त्याच्याकडून ही माहिती घेतो, मोबाईलवरील समूहावर चार छायाचित्रे टाकतो, दुसऱ्या दिवशी कामाच्या दैनंदिनीत थोडे लिहितो, देयकासाठी तेच मोजमाप-पुस्तिकेत पुन्हा लिहितो आणि आठवड्याच्या अखेरीस मुख्य कार्यालयातील नियोजन अभियंत्याला दूरध्वनीवरून सांगतो. तो ते प्रणालीत भरतो. इतक्या हातांतून उतरलेल्या माहितीवर पडद्यावरच्या रंगीत पट्ट्या उभ्या असतात. कार्यालयाचे ‘संगणकीकरण’ झाल्यानंतरही जुने रजिस्टर बंद न झाल्याचा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांना यातील गोम वेगळी समजावून सांगावयास नको.

म्हणूनच कोणतीही प्रणाली पारखताना ती किती गोष्टी करू शकते, यापेक्षा तिच्यामुळे जागेवरची कोणती वही बंद होईल, हे आधी विचारले पाहिजे. एकही वही बंद होणार नसेल, तर नवी प्रणाली म्हणजे आणखी एक वही होय, आणि ती सर्वांत शेवटी, आठवणीने, शनिवारी संध्याकाळी भरली जाईल. बांधकामाच्या जागेवर व्हॉट्सअॅपने जो जम बसविला, त्याचे कारण हेच आहे. त्याला प्रशिक्षण लागत नाही, बोलून संदेश पाठविता येतो आणि मुकादम बिहारचा असो, तेलंगणचा असो वा बीडचा, तो स्वतःच्या भाषेत बोलतो. अर्थात सहा महिन्यांनी त्या समूहातील विशिष्ट तारखेचे विशिष्ट छायाचित्र शोधणे म्हणजे गंजीत सुई शोधणेच. पण सोयीच्या बाबतीत त्याच्या पासंगालाही न पुरणारी महागडी प्रणाली त्याची जागा घेईल, ही अपेक्षा भाबडी आहे.

किमतीच्या रचनेचाही या नोंदींवर परिणाम होतो, आणि त्याकडे खरेदीच्या वेळी क्वचितच लक्ष जाते. काही प्रणाली दरमाणशी वर्गणी आकारतात. मायक्रोसॉफ्टची पद्धत ही आहे. काही, उदाहरणार्थ २००२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली प्रोकोर, कंत्राटदाराच्या वार्षिक बांधकामाच्या उलाढालीवर आकारणी करतात आणि वापरणाऱ्यांची संख्या मोजत नाहीत. पहिल्या पद्धतीत प्रत्येक वाढीव माणसाचा खर्च डोळ्यांना दिसतो. त्याने केलेल्या नोंदीचा लाभ दिसत नाही. मग काटकसर सुरू होते ती खालून. संचालकांना, व्यवस्थापकांना परवाने मिळतात. पर्यवेक्षकाला ‘अभियंत्याकडून भरून घे’ असे सांगितले जाते. ज्याच्याकडे माहिती आहे त्याच्यापाशी परवाना नाही, आणि ज्याच्यापाशी परवाना आहे त्याच्याकडे माहिती नाही! दुसऱ्या पद्धतीत हा दोष टळतो, पण मोठी उलाढाल आणि तुटपुंजा नफा अशी ज्यांची स्थिती असते, त्या सरकारी कामांच्या कंत्राटदारांना ती जड जाते. दोन्हींपैकी एक निवडताना प्रत्यक्ष नोंदी करणाऱ्यांची संख्या आधी मोजून घ्यावी लागते.

प्रणालीत आधीपासून भरून येणाऱ्या गृहीतांचाही विचार झाला पाहिजे. मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टचे मूळ कॅलेंडर सोमवार ते शुक्रवार, रोज आठ तास, असे असते. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत पायाचे खोदकाम रखडते, होळीला आणि छठपूजेला उत्तरेकडील मजूर गावी जातात, पेरणी-कापणीच्या दिवसांत स्थानिक मजूर मिळत नाही. यांतील काहीही त्या कॅलेंडरला ठाऊक नसते. ते भरता येते, पण भरावे लागते. ज्या कार्यालयाने ते भरले नाही, त्याचे वेळापत्रक पहिल्याच पावसात वाहून जाते आणि मग ‘या प्रणाली आपल्याकडे चालत नाहीत’ असा निष्कर्ष काढला जातो.

याहून गंभीर अशी एक गोष्ट आहे. स्लॅब ओतल्यानंतर त्याखालील टेकू किती दिवसांनी काढावेत, याचे किमान दंडक ‘आयएस ४५६ : २०००’ या भारतीय मानकात दिलेले आहेत. साधे पोर्टलंड सिमेंट असेल, तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याला सात दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला चौदा दिवस. वेळापत्रकात ही दोन कामांमधील नुसती प्रतीक्षा असते. त्या काळात पडद्यावर काहीच घडत नाही. प्रकल्प मागे पडला की कात्री लावण्याचा मोह सर्वप्रथम याच रिकाम्या जागेला होतो. चौदाच्या जागी सहा लिहिले, तर सर्वसाधारण प्रणाली हरकत घेत नाही. उलट ताब्याची तारीख आठ दिवसांनी अलीकडे आल्याचे उत्साहाने दाखविते. काँक्रीटला मात्र ही दुरुस्ती कळविलेली नसते. त्या स्लॅबखाली काम करणाऱ्या माणसांच्या दृष्टीने हा आकडा कोणाला बदलता येतो आणि बदल्यास कोणाची सही लागते, ही या प्रणालीतील सर्वांत महत्त्वाची सोय होय. विक्रेत्याला हा प्रश्न विचारावा आणि उत्तर पडद्यावर करून दाखवावयास सांगावे.

खरी माहिती भरण्यात कोणाचे हित आहे, हाही एक प्रश्न आहे. उशीर कबूल केला तर दंड. लपविला तर पुढील देयक वेळेवर. मग ‘नव्वद टक्के पूर्ण’ हा आकडा महिनोन्महिने हलत नाही. टक्केवारी हा अंदाज असतो. त्यापेक्षा ओतलेले काँक्रीट किती घनमीटर, झालेले मजले किती, असे मोजता येणारे परिमाण मागणारी आणि ते देयकाच्या मोजमापाशी जोडणारी प्रणाली अधिक विश्वसनीय, कारण तेथे खोटे लिहिण्याची किंमत मोजावी लागते. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ ने याच दिशेने पाऊल टाकले. ग्राहकांकडून घेतलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवावी लागते आणि वास्तुविशारद, अभियंता व सनदी लेखापाल यांनी कामाची प्रगती प्रमाणित केल्यावर त्या प्रमाणातच ती काढता येते. प्रगतीचा आकडा पैशाला बांधला गेला, तसा तो तपासणे अपरिहार्य झाले.

तथापि संगणकाच्या आवाक्याबाहेरील दिरंगाई पुष्कळ असते. वांद्रे-वरळी सागरी सेतूचे भूमिपूजन १९९९ मध्ये झाले, पाच वर्षांत तो पुरा व्हावयाचा होता; खुला झाला तो ३० जून २००९ रोजी, आणि सुमारे ६६० कोटी रुपयांचा अंदाज सुमारे १,६०० कोटींवर गेला. जनहित याचिका आणि आराखड्यातील बदल यांना कोणत्याही वेळापत्रकाने काय करावे? याउलट दिल्ली मेट्रोच्या कार्यालयांत ई. श्रीधरन यांनी उलटी चालणारी घड्याळे लावली होती. कोकण रेल्वेमुळे मराठी वाचकांना त्यांचे नाव परिचितच आहे. उरलेले दिवस दाखविण्यापलीकडे त्या घड्याळांत काही नव्हते. परंतु ज्यांच्या डोक्यावर ती टांगली होती, त्यांना निर्णय घेण्याचे अधिकारही दिलेले होते.

एका बाबतीत मात्र या प्रणालींचे मोल वादातीत आहे. नकाशांच्या बाबतीत सर्वांपुढे एकच, ताजी प्रत असणे, ही ती बाब. अंधेरीच्या गोखले पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली, तेव्हा ती शेजारच्या बर्फीवाला पुलाहून सुमारे दीड मीटर उंच असल्याचे साऱ्या मुंबईने पाहिले. दोन कामे, अनेक यंत्रणा, आणि जोड मात्र कोणाच्याच वहीत नाही. पुढे तो पूल उचलून जोडावा लागला. नकाशा बदलला की जुनी प्रत आपोआप बाद व्हावी आणि ज्याच्या कामावर परिणाम होतो त्याला ते त्याच दिवशी कळावे, एवढे जरी साधले तरी प्रणालीची वर्गणी भरून निघते.

ज्या कंत्राटदाराकडे दोन-तीन लहान इमारती आणि एक अभियंता आहे, त्याला यांतील बहुतेक कशाचीही आवश्यकता नाही. संगणकावरील साधा तक्ता, रोजची तारीखवार दैनंदिनी आणि नकाशांची नीट ठेवलेली फाईल त्याला पुरेशी आहे. मोठ्यांनीही वर्षभराचा करार करण्यापूर्वी एका इमारतीचा एक मजला, सेंट्रिंगपासून टेकू काढेपर्यंत, मुकादमाच्या हातून भरवून पाहावा. प्रात्यक्षिकापेक्षा हे तीन आठवडे अधिक सांगून जातात.

करारपत्रातील आणखी एक कलम वाचावयाचे राहून जाते. वरील अधिनियमानुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधणीतील दोषांची जबाबदारी विकासकावर असते. तळमजल्याच्या खांबाचे काँक्रीट कोणत्या दिवशी ओतले, चाचणीचे ठोकळे काय सांगत होते, हे चौथ्या वर्षी कोणी विचारले, तर उत्तर त्या प्रणालीत असते. आणि तोपर्यंत प्रकल्प संपून वर्गणीही बंद झालेली असते. साऱ्या नोंदी आणि छायाचित्रे दुसरीकडे उघडता येतील अशा स्वरूपात परत मिळतील काय, किती दिवसांत आणि कोणत्या खर्चाने, हे आधी लिहून घ्यावे लागते. विक्रेत्याच्या प्रात्यक्षिकात हा विषय सहसा निघत नाही.