प्रमेही रुग्णासाठी शूल्य कुक्कुटमांस : एक पथ्यकल्प

मधुमेहाचे निदान झालेला मांसाहारी रुग्ण चिकित्सालयात आला की औषधाविषयी विचारण्यापूर्वी बहुधा एकच प्रश्न विचारतो, "डॉक्टर, चिकन चालेल का?" या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरावीक उत्तरे मिळतात. काही वैद्य "मांसाहार पूर्ण बंद" असे सांगून मोकळे होतात, तर काही "थोडे चालेल" एवढेच म्हणतात. पहिले उत्तर ऐकलेला रुग्ण काही दिवस पथ्य पाळतो आणि पुढे वैद्यांना न सांगता ते मोडतो. दुसरे उत्तर ऐकलेला रुग्ण नेहमीचाच तेलाचा तवंग असलेला रस्सा, ताटभर भात आणि जोडीला वाटीभर दही घेतो व आपण पथ्यावर आहोत या समजुतीत राहतो. दोन्ही उत्तरांतील उणीव एकच आहे. द्रव्याचे नाव सांगितले गेले, त्याची कल्पना सांगितली गेली नाही. औषध देताना आपण कल्प, मात्रा, काल आणि अनुपान लिहितो. पथ्य मात्र 'चालेल' आणि 'चालणार नाही' या दोन शब्दांत संपवतो.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या 'इंडियाब' अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे. यांतील फार मोठा वर्ग मांसाहारी आहे. त्यांच्यासाठी कर्बोदके अत्यल्प असलेला, रुचकर आणि शास्त्रसंमत असा एक मांसकल्प सविस्तर मांडावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शास्त्राधार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सहाव्या अध्यायात, म्हणजे प्रमेहचिकित्सेत, मांसाचा सरसकट निषेध नाही. विष्किर व प्रतुद वर्गातील पक्ष्यांचे आणि जांगल प्राण्यांचे मांसरस यवान्नासोबत द्यावेत असे तेथे सांगितले आहे. त्याच अध्यायात पुढे मृगपक्ष्यांचे 'शूल्य' मांस आणि यवाचे विविध भक्ष्य पदार्थ प्रमेह्याने सेवन करावेत, असा स्पष्ट निर्देश आहे. शूल्य म्हणजे शूलावर, अर्थात सळईवर, टोचून निखाऱ्यावर भाजलेले. आज उपाहारगृहांत ज्याला 'ग्रिल्ड' म्हणतात, त्याचे हे शास्त्रीय नाव होय. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराने रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथाच्या अन्नभोग प्रकरणातही निखाऱ्यावर भाजलेल्या मांसाच्या कृती आढळतात. हा पाकप्रकार परका नाही, हे रुग्णाला आणि आपणालाही ठाऊक असावे.

निदानात मात्र चरकाचार्य दही, नवान्न, गुळाचे विकार आणि ग्राम्य, औदक व आनूप मांसरस यांना प्रमेहाचे हेतू मानतात. मग कोंबडी कोणत्या बाजूस ठेवावी? याचा निर्णय विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायातील आठ आहारविधिविशेषायतनांच्या आधारे करणे सोयीचे आहे. त्यांतील प्रकृती, करण, संयोग, राशी आणि उपयोक्ता ही पाच येथे विशेष महत्त्वाची आहेत.

प्रकृती

कुक्कुटाची गणना विष्किर वर्गात होते. सुश्रुताचार्यांनी वन्य कुक्कुटमांस स्निग्ध, उष्ण, वातहर, वृष्य व बृंहण सांगितले असून ग्राम्य कुक्कुट तशाच गुणांचा, परंतु गुरु असल्याचे म्हटले आहे. आजची बंदिस्त जागेत वाढवलेली ब्रॉयलर कोंबडी अर्थातच ग्राम्य होय. तिला व्यायाम नाही. म्हणून विष्किर वर्गाचे सर्व गुण तिच्यावर जसेच्या तसे आरोपित करता येणार नाहीत. तिचे गुरुत्व आणि स्निग्धत्व कमी करणे हे पाककर्माचे पहिले उद्दिष्ट ठरते. त्यासाठी कातडी व दिसणारी चरबी काढून छातीचा बिनहाडाचा भाग घ्यावा. अशा १०० ग्रॅम कच्च्या मांसात साधारण २२ ते २३ ग्रॅम प्रथिने आणि २ ते ३ ग्रॅम स्निग्धांश असतो. कर्बोदके जवळजवळ नसतातच. मांसाहारी जेवणात साखर वाढते ती मुख्यतः भात, पोळी, बेसन, कॉर्नफ्लोअर, साखर आणि बाजारी सॉस यांच्यामुळे.

करण

करण म्हणजे संस्कार. मुरवणे व भाजणे हे येथील दोन प्रमुख संस्कार आहेत. निखाऱ्याच्या अग्निसंयोगाने मांसातील जलांश व मेद कमी होतो आणि पदार्थास लघुत्व येते. कफमेदप्रधान व्याधीत शूल्य मांसाचा निर्देश का आला असावा, हे यावरून समजते.

या संस्कारात एक धोकाही आहे. चरकसंहितेत पाकविरुद्ध आहार सांगताना अपक्व, अतिपक्व आणि दग्ध अन्नाचा उल्लेख येतो. आधुनिक रसायनशास्त्रही याच ठिकाणी बोट ठेवते. तीव्र आचेवर मांस करपले की हेटेरोसायक्लिक अमाइन वर्गातील घातक संयुगे तयार होतात, आणि निखाऱ्यावर ठिबकलेल्या चरबीच्या धुरातून पॉलिसायक्लिक अॅरोमॅटिक हायड्रोकार्बन मांसावर बसतात. लसूण, लिंबाचा रस व सुगंधी वनस्पतींमध्ये मुरवलेल्या मांसात यांतील पहिल्या वर्गाची निर्मिती घटते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे मुरवण हे केवळ रुचीसाठी नसून दोषपरिहारासाठीही आहे.

संयोग

प्रचलित तंदुरी कृतीचा पाया दही हा आहे. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात कुक्कुटमांस व दही यांचा संयोग विरुद्ध सांगितला आहे. शिवाय दही हा प्रमेहाचा हेतू आहेच. म्हणून या कल्पात दही वर्ज्य.

दुसरे वर्ज्य द्रव्य मध. परदेशी धर्तीच्या अनेक कृतींत मांसावर मध चोपडून ते भाजतात. मध उष्णसंयोगाने विरुद्ध होतो, याविषयी संहितांत दुमत नाही. त्याशिवाय मध काय किंवा साखर काय, भाजताना प्रथम तेच करपते. प्रमेहात मध पथ्यकर म्हणून स्वीकारला असला तरी त्याचा हा उपयोग नव्हे.

चरकसंहितेत ग्राम्य, आनूप व औदक मांसाबरोबर मध, तीळ, गूळ, दूध, उडीद, मुळा व विरूढ धान्ये एकत्र खाऊ नयेत असे म्हटले आहे. कुक्कुट त्या वर्गात काटेकोरपणे बसत नसला, तरी पाळीव ब्रॉयलरच्या बाबतीत हा नियम सावधपणे लागू करणे हितावह वाटते. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुणांत भाजलेल्या चिकनसोबत मोड आलेली कडधान्ये खाण्याची पद्धत रूढ आहे. तिच्याविषयी रुग्णाला आवर्जून विचारावे.

घटकद्रव्ये (चार व्यक्तींसाठी)

कोंबडीचे बिनहाडाचे, कातडी काढलेले मांस ५०० ग्रॅम. निवडलेली कोथिंबीर ५० ग्रॅम. पुदिन्याची पाने १० ग्रॅम. आले १० ग्रॅम. लसूण १० ग्रॅम. हिरवी मिरची १. भरड कुटलेली मिरी २ ग्रॅम. भाजून कुटलेले जिरे २ ग्रॅम. हळद १ ग्रॅम. सैंधव ५ ग्रॅम. लिंबाचा रस २० मि.लि.; पातळ केलेले साजूक तूप १५ मि.लि.

कोथिंबीर रुचकर असून मिरी, आले व लसूण यांच्या उष्णतीक्ष्णतेस आवर घालते. मिरी, आले व जिरे दीपन-पाचन करतात आणि गुरु मांसाच्या पचनास साहाय्य करतात. अम्ल व लवण हे दोन्ही रस कफवर्धक असल्याने लिंबू व सैंधव यांचे प्रमाण वाढवू नये. तूप योजण्याचे कारण असे की सुश्रुतमते तैलसिद्ध मांस गुरु व पित्तकर, तर घृतसिद्ध मांस लघु, दीपन व रुच्य होते. सर्व मुरवण धरूनही दर व्यक्तीस ३ ते ४ ग्रॅमच कर्बोदके मिळतात, प्रथिने मात्र सुमारे २८ ग्रॅम.

कृती

१. कच्चे मांस नळाखाली धुऊ नये. उडणाऱ्या तुषारांबरोबर जंतू ओट्यावर व भांड्यांवर पसरतात. स्वच्छ कागदाने ते कोरडे करून घ्यावे आणि सुमारे २ सें.मी. जाडीचे सारखे तुकडे करावेत. सुरीने त्यांना बारीक टोचे द्यावेत.

२. तूप वगळून उर्वरित द्रव्ये अत्यल्प पाण्यात जाडसर वाटावीत. वाटण पातळ झाल्यास ते मांसास धरत नाही.

३. वाटण तुकड्यांना चोळून काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात, फ्रिजमध्ये २ ते ४ तास मुरवावे. लिंबामुळे रात्रभर मुरवलेल्या मांसाचा पृष्ठभाग पिठूळ होतो. भांड्यात उरलेले वाटण कच्च्या मांसाच्या संपर्कात आलेले असल्याने टाकून द्यावे, चटणी म्हणून वाढू नये.

४. लाकडी काड्या वापरायच्या असल्यास त्या अर्धा तास पाण्यात भिजवाव्यात. तुकडे ओवताना मध्ये किंचित अंतर ठेवावे.

५. कोळशाची ज्वाला विझून निखाऱ्यावर राखेचा पांढरा थर आल्यावरच भाजण्यास आरंभ करावा. मांस निखाऱ्यापासून १० ते १२ सें.मी. उंचीवर ठेवून दर दोन मिनिटांनी फिरवावे व मधूनमधून तुपाचा हात द्यावा. साधारण १० ते १२ मिनिटे लागतात. बंद खोलीत कोळसा पेटवू नये, कार्बन मोनॉक्साइडमुळे जीव जाऊ शकतो. शेगडी नसल्यास जाड बुडाच्या तव्यावर मध्यम आचेवर भाजता येते.

६. सर्वांत जाड तुकड्याच्या मध्यभागी ७४ अंश सेल्सिअस तापमान यावे. तापमापक नसल्यास तो तुकडा कापून आत गुलाबी छटा उरली नाही याची खात्री करावी. कोठे करपले असल्यास तो भाग काढून टाकावा.

राशी आणि काल

एका वेळी १२५ ग्रॅम कच्च्या मांसापासून झालेले तुकडे ही मध्यम अग्नीच्या व्यक्तीची मात्रा समजावी. मंदाग्नी असल्यास ती निम्मी करावी. दुपारचे जेवण हा उत्तम काल. रात्री घेतल्यास निजण्यापूर्वी पुरेसा अवधी ठेवावा. सोबत जवाची लहान भाकरी, काकडी, कांदा व शिजवलेली पालेभाजी असावी. दही, ताक, दूध किंवा गोड पदार्थ त्या जेवणात असू नये.

उपयोक्ता : कोणास द्यावे, कोणास देऊ नये

चरकाचार्यांनी प्रमेही दोन प्रकारचे सांगितले आहेत : स्थूल व बलवान, कृश व दुर्बल. पहिल्यास संशोधन, दुसऱ्यास बृंहण. कृश रुग्णास हा कल्प अधिक वेळा देता येईल. स्थूल रुग्णास तो भात, रस्सा व तळलेल्या मांसाच्या जागी द्यावा, त्यांच्या जोडीने नव्हे. पित्तप्रकृतीच्या रुग्णास, शरद ऋतूत आणि अम्लपित्त असताना लसूण व मिरी निम्मी करून कोथिंबीर वाढवावी.

याहून महत्त्वाचा भाग पुढे आहे. आपल्याकडे येणारे बहुतेक मधुमेही आधुनिक औषधेही घेत असतात, आणि त्या औषधांची मात्रा त्यांच्या रोजच्या भात-पोळीवर बेतलेली असते. इन्सुलिन, ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्या रुग्णाने कर्बोदके एकाएकी घटवली, तर रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. डॅपाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील औषधे घेणाऱ्यांत अतिशय कमी कर्बोदकांच्या आहाराने रक्तात कीटोन आम्ले साचण्याचा धोका असतो, आणि त्या वेळी रक्तशर्करा फारशी वाढलेली दिसत नाही. म्हणून रुग्णाची सर्व औषधे विचारल्याशिवाय आणि औषध देणाऱ्या चिकित्सकाशी बोलल्याशिवाय भात-पोळी बंद करण्यास सांगू नये.

मधुमेहात वृक्क दुर्बल झालेल्या रुग्णांना प्रथिनांचे प्रमाण मोजून द्यावे लागते. सीरम क्रिएटिनिन व मूत्रातील अल्ब्युमिन यांचा अहवाल पाहूनच मांसाची मात्रा ठरवावी. उच्च रक्तदाब असणाऱ्यास सैंधव निर्धोक असते हा समज दूर करावा. सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे.

औषधालय चालकांसाठी

मिरी, जिरे, सुंठ, हळद व सैंधव यांचे कोरडे मिश्रण तयार करून देण्याची कल्पना अनेकांना सुचेल. असे मिश्रण हा अन्नपदार्थ आहे. तो विकण्यासाठी अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ खालील नोंदणी अथवा परवाना लागतो. 'आयुर्वेद आहार' या नावाने विक्री करावयाची असल्यास २०२२ च्या स्वतंत्र विनियमांचे पालन आवश्यक आहे. वेष्टनावर किंवा जाहिरातीत 'मधुमेह बरा करणारे' असा दावा करू नये. औषधे व जादुई उपाय अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे. ग्राहक बाजारातील तयार मसाला घेऊन आला, तर त्याच्या वेष्टनावरील घटकांची यादी त्याच्यासोबत वाचावी. साखर, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा स्टार्च पहिल्या काही घटकांत असल्यास तो मसाला या रुग्णासाठी नाही, हे त्यास तेथेच कळेल.

समारोप

पथ्य हे रुग्णाच्या ताटात उतरले तरच ते पथ्य. ज्या घरात पिढ्यान्पिढ्या कोंबडी शिजते, त्या घरातील रुग्णास ती सोडा असे सांगणे सोपे आहे, ते पाळले जाणे कठीण. त्याऐवजी कोणता भाग घ्यावा, कशात मुरवावा, कसा भाजावा, किती खावा आणि सोबत काय टाळावे, या पाच गोष्टी व्यवस्थापत्रावर औषधांच्या खाली लिहून द्याव्यात. पुढील भेटीत जेवणापूर्वीची व जेवणानंतर दोन तासांची रक्तशर्करा पाहून मात्रा कमी-अधिक करावी.