उंदराच्या वेशातला जंत

शिस्टोसोमा या रक्तजंताची अळी गोगलगायीतून पाण्यात उतरते तेव्हा तिला टोकाशी दुभंगलेली शेपटी असते आणि आयुष्य उरलेलं असतं जेमतेम एक-दोन दिवसांचं. तेवढ्यात कुणी पाण्यात पाय घातला, तर त्याची कातडी भेदून ती काही मिनिटांत आत शिरते. शेपटी मात्र बाहेरच गळून पडते. या जंतामुळे होणारा आजार आफ्रिकेतला म्हणून आपण निर्धास्त असतो. पण १९५२मध्ये गाडगीळ आणि शहा या डॉक्टरांना त्याचे रुग्ण रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात सापडले होते.

शेपटीसह असलेली अळी बशीत घेऊन तिच्यावर गिनी पिगचं किंवा माणसाचं ताजं सीरम टाकलं, तर ती मरते. सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी. तेच आधी ५६ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवलं, तर त्याची मारकशक्ती जाते. तापवल्याने निकामी होतात ती ‘कॉम्प्लिमेंट’ नावाची प्रथिनं. अळीच्या अंगावर शर्करायुक्त रेणूंचा जाड थर असतो. पाण्यात तो तिला जपतो. रक्तात मात्र त्याच्यामुळेच ही प्रथिनं चेतून तिच्यावर तुटून पडतात.

मग आपल्या अंगात ती जगते कशी? कातडीत शिरताच अळी तो थर टाकून देते आणि काही तासांत नवं दुहेरी आवरण चढवते. आता ताजं सीरमही तिचं फारसं बिघडवू शकत नाही. पण खरी लबाडी पुढेच आहे.

लंडनच्या मिल हिल इथल्या संशोधन संस्थेत स्मिदर्स, टेरी आणि हॉकली यांनी उंदरात वाढलेले जंत माकडांत सोडले. साध्या माकडांत ते जगले. ज्या माकडांना आधी उंदराच्या तांबड्या पेशी टोचून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करवली होती, त्यांच्यात मेले. वास्तविक ही प्रतिपिंडं जंताविरुद्ध नव्हतीच! जंताने उंदराचे रेणू अंगाला चिकटवून घेतले होते, आणि माकडाने त्याला उंदीर समजून मारलं. हे १९६९चं काम. पुढे माणसाच्या रक्तात वाढवलेल्या अळ्यांवर रक्तगटाचेही रेणू चढलेले आढळले. माकडांवरच्या त्या प्रयोगाइतका नेटका प्रयोग परजीवीशास्त्रात क्वचितच सापडेल.

लस अजून हाती न येण्यामागे हे वेशांतरही एक कारण मानलं जातं. या आजारावरचं प्राझिक्वांटेल हे औषध मात्र जंताची कातडी फाडतं आणि खालचे लपलेले रेणू उघडे पडतात. म्हणूनच प्रतिपिंडं नसलेल्या उंदरांत ते तोकडं पडतं. जंताला सरावलेल्या उंदराचं सीरम जोडीला दिलं की औषधाचा प्रभाव वाढतो.