लष्करी रंगमानके आणि लघुप्रतिकृतींचे रंगलेपन

लघुप्रतिकृतीच्या आकाराविषयी फारसा वाद होत नाही. रणगाड्याची लांबी मोजता येते, तिला ३५ ने भागता येते आणि आलेला आकडा कोणासही पडताळून पाहता येतो. रंगाची गोष्ट निराळी आहे. ‘हिरवट तपकिरी’ या वर्णनावरून दहा कारागिरांनी दहा निराळ्या छटा तयार केल्या, तर त्यांपैकी कोणासही चूक ठरविता येणार नाही. तथापि प्रतिकृती एकदा संग्रहालयात किंवा एखाद्या विभागाच्या कपाटात विराजमान झाली, की पाहणारा तिला पुरावा मानू लागतो. म्हणून बाजारात मिळणारे हौशी रंग अधिकृत लष्करी रंगमानकांशी कसे जुळवावेत, व त्या जुळणीचा अर्थ नेमका काय समजावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे आहे.

प्रथम मानक कशासाठी असते ते पाहिले पाहिजे. ‘खाकी’ हा शब्द फारसीतील ‘खाक’, म्हणजे धूळ, या शब्दावरून आला. १८४६ साली पेशावर येथे उभारलेल्या गाइड्स पथकाने मातकट पोशाख स्वीकारला. परंतु कापड स्थानिक पद्धतीने रंगविले जात असल्याने एका खेपेची छटा दुसरीशी मिळेलच असे नव्हते. रंग शेकडो ठेकेदारांकडून घ्यावयाचा असेल, तर त्या सर्वांच्या समोर एकच नमुना असावा लागतो. रंगमानकाचा उगम या गरजेत आहे. मानक हा मूलतः खरेदीचा करार होय. इतिहासाची नोंद करणे हा त्याचा हेतू नव्हे. अमुक वाहनासाठी कोणता रंग मागविला गेला हे मानक सांगते. पाच उन्हाळे व पाच पावसाळे काढल्यावर ते वाहन कसे दिसत होते, हे ते सांगत नाही.

प्रतिकृतिकारास नेहमी लागणारी मानके चार. जर्मनीतील राल मानकाचा प्रारंभ १९२७ साली ४० रंगांनी झाला. ब्रिटिश मानक ३८१-सी यात प्रत्येक रंगास तीन अंकी क्रमांक आहे. अमेरिकेचे फेडरल स्टँडर्ड ५९५ हे १९५६ साली निघाले. २०१७ साली ते शासकीय मानक म्हणून रद्द होऊन त्याची जागा एस. ए. ई. या संस्थेच्या मानकाने घेतली. त्याच्या पाच अंकी क्रमांकातील पहिला अंक तकाकी दर्शवितो आणि दुसरा वर्णगट. ३६३७५ या क्रमांकातील ३ म्हणजे बिनतकाकीचा आणि ६ म्हणजे करडा. चौथे आपले भारतीय मानक, आय. एस. ५. तयार रंग व इनॅमले यांच्या छटा त्यात दिलेल्या आहेत.

भारतीय वाहनांच्या व नौकांच्या प्रतिकृती करणाऱ्यास येथे एक उपयुक्त दुवा सापडतो. हंब्रोल, तामिया, व्हालेहो इत्यादी उत्पादकांच्या बाटल्यांवर आय. एस. ५ चा क्रमांक सहसा नसतो. ब्रिटिश, अमेरिकन किंवा जर्मन मानकाशी साम्य मात्र अनेकदा नमूद केलेले असते. आता आय. एस. ५ मधील अनेक नावे व क्रमांक ब्रिटिश ३८१-सी शी जुळतात. २२० म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, ५३७ म्हणजे सिग्नल रेड, ६३२ म्हणजे डार्क ॲडमिरल्टी ग्रे, ६९७ म्हणजे लाइट ॲडमिरल्टी ग्रे, हे दोहोंतही आहे. म्हणून ब्रिटिश क्रमांकावरून भारतीय रंगाकडे जाण्याची वाट मोकळी होते. परंतु ही वाट सुरुवातीपुरतीच. दोन्ही मानकांच्या आवृत्त्या स्वतंत्रपणे सुधारल्या गेल्या आहेत. क्रमांक एक असला म्हणून रंगपट्टीही एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही.

काळाचे भान हवे ते याच कारणाने. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर भारतीय वायुदलाने उडविलेल्या स्पिटफायर विमानांसाठी आय. एस. ५ पाहणे व्यर्थ होय. भारतीय मानक संस्थाच मुळी १९४७ साली स्थापन झाली. त्या विमानांचे ‘डार्क अर्थ’ व ‘डार्क ग्रीन’ हे रंग तत्कालीन ब्रिटिश विमान-उत्पादन मंत्रालयाच्या नमुन्यांनुसार होते. जपानी चिन्हाशी घोटाळा होऊ नये म्हणून त्या आघाडीवर वर्तुळचिन्हातील तांबडा रंगही काढून टाकण्यात आला होता. म्हणजे एकाच विमानाचे योग्य रंग वर्ष व रणक्षेत्र यांनुसार बदलतात. मानक आधी निवडावे, बाटली नंतर.

रंग संख्येत मांडता येतो, याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण म्हणजे आपला राष्ट्रध्वज. १९५१ च्या आय. एस. १ या मानकात केशरी रंग केवळ शब्दाने सांगून भागविलेले नाही, क्ष ०.५३८, य ०.३६० आणि तेजस्विता २१.५ टक्के असे त्याचे निर्देशांक १९३१ च्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार दिलेले आहेत. मात्र हे आकडे विशिष्ट प्रकाशाखालचे असतात, ही अट विसरता कामा नये. निरनिराळ्या रंगद्रव्यांचे दोन लेप दिवसाच्या प्रकाशात एकरूप दिसून दिव्याखाली वेगळे पडू शकतात. रात्री दिव्याखाली जुळविलेला हिरवा रंग सकाळी तपकिरी वाटतो, त्याचे हे एक कारण होय.

यावरून जुळणीची पद्धत ठरते. प्रतिकृतीच्याच जातीच्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर करड्या रंगाचे अस्तर द्यावे, त्यावर रंगाचे दोन हात द्यावेत आणि पूर्ण एक दिवस वाळू द्यावे. ओला रंग व वाळलेला रंग यांत फरक असतो. पट्टी मानकाच्या रंगपट्टीस अगदी कडेला कडा लावून ठेवावी. मध्ये फट राहिल्यास डोळा फसतो. दोहोंची तकाकी सारखी असावी, कारण चकचकीत पृष्ठभाग त्याच रंगाच्या निस्तेज पृष्ठभागापेक्षा गडद दिसतो. निरीक्षण दुपारी, सावलीतील उत्तरेच्या प्रकाशात करावे व नंतर दुसऱ्या दिव्याखाली पडताळावे. मिश्रणाचे थेंब मोजून लिहून ठेवावेत.

येथवर मतभेदास फारशी जागा नाही. खरा वाद सुरू होतो तो प्रमाण-परिणामाविषयी. लहान प्रतिकृतीवर मूळ रंग फार गडद दिसतो, म्हणून त्यात पांढरा मिसळावा, असा प्रघात आहे. १:७२ प्रमाणासाठी सुमारे १५ टक्के पांढरा सांगितला जातो. कारण असे देतात की, ५० सेंटिमीटरवरून पाहिलेली १:७२ ची प्रतिकृती म्हणजे ३६ मीटरवरून पाहिलेली मूळ वस्तू. आणि मधल्या हवेमुळे रंग फिकट होतो. हवेने रंग फिकटतो हे खरेच आहे. मुळशीच्या जलाशयाकाठी उभे राहून सुमारे ५ किलोमीटरवरच्या डोंगराकडे पाहावे. जवळच्या झाडीचा हिरवा तेथे निळसर करडा झालेला दिसतो. दृश्यता २० किलोमीटर धरल्यास इतक्या अंतरावर मूळ वर्णविरोधाचा केवळ ३८ टक्के भाग उरतो. परंतु त्याच हवेत ३६ मीटरवर ९९ टक्क्यांहून अधिक वर्णविरोध शिल्लक राहतो. हवेचा पडदा १५ टक्के व्हावयाचा, तर दृश्यता ९०० मीटरांच्याही खाली यावी लागेल. तेव्हा हवेच्या आधारावर हा नियम मान्य करणे म्हणजे प्रत्येक विमान व प्रत्येक रणगाडा आषाढातील ताम्हिणीच्या धुक्यात उभा आहे असे मानण्यासारखे होय.

मग प्रतिकृती गडद भासते, हा केवळ भ्रम आहे काय? तसे नाही. उघड्यावरील प्रकाश हजारो लक्स असतो, खोलीतील काही शेकडा. आणि प्रकाश मंदावला की रंगाचा उठाव व उजळपणा दोन्ही कमी जाणवतात. शिवाय लहान क्षेत्रावरील रंग मोठ्या क्षेत्रावरील त्याच रंगापेक्षा गडद वाटतो. म्हणजे निरीक्षण खरे, कारणमीमांसा चुकीची. हा फरक शाब्दिक नाही. कारण हवा असेल तर पांढऱ्याचे माप प्रमाणावरून ठरेल. कारण प्रकाश असेल तर ते प्रतिकृती कोठे मांडली जाणार यावरून ठरेल, आणि चांगल्या उजेडाच्या कपाटात पांढऱ्याची गरज फारशी उरणार नाही.

शेवटी मूळ वस्तूविषयी. महाराष्ट्रात रणगाड्यांच्या अभ्यासाचे प्रमुख स्थान म्हणजे अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील १९९४ साली स्थापन झालेले रणगाडा संग्रहालय. तेथे व्हॅलेंटाइन, सेंचुरियन, विजयंता यांसारखी वाहने प्रत्यक्ष पाहता येतात. मापे, जोडणी, पोलादाचा पोत यांसाठी असा संग्रह अमोल आहे. रंगासाठी मात्र सावधगिरी हवी, कारण जतनासाठी वाहने पुनःपुन्हा रंगवावी लागतात. वरचा लेप संग्रहालयाच्या काळाचा असू शकतो, युद्धाच्या काळाचा नव्हे.

तात्पर्य, ‘अचूक रंग’ या एका नावाखाली तीन निरनिराळे रंग वावरतात: मानकात लिहिलेला, वाहनावर प्रत्यक्ष असलेला आणि खोलीत डोळ्यास दिसणारा. प्रतिकृतिकाराने यांपैकी कोणताही निवडावा. तो अधिकार त्याचाच आहे. परंतु कोणता निवडला, कोणत्या वर्षाच्या मानकावरून, कोणत्या प्रकाशात व किती पांढरा मिसळून, हे प्रतिकृतीसोबतच्या चिठ्ठीवर लिहिलेले असावे. ती चिठ्ठी असेल तर उद्याच्या अभ्यासकास चूक शोधून दुरुस्त करता येईल. ती नसेल, तर उत्तम रंगविलेली प्रतिकृतीही शोभेच्या वस्तूपलीकडे जाणार नाही.