झाडीपट्टी रंगभूमी: धानाच्या मुलखातले नाटक

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या पूर्व विदर्भातील जिल्ह्यांचा जंगल आणि धानशेतीचा मुलूख झाडीपट्टी म्हणून ओळखला जातो. येथील व्यावसायिक नाटक धानाच्या हंगामाशी बांधलेले आहे. कापणी-मळणी उरकून हातात पैसा आला, की दिवाळीनंतर गावोगावी मंडई (गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) भरतात. त्यांच्या जोडीने नाटकेही सुरू होतात आणि होळीच्या सुमारास हंगाम सरतो.

दंडार, खडी गंमत अशा लोककलांनी या रंगभूमीची पायाभरणी केली. पुढे त्यांना मराठी संगीत नाटकाची जोड मिळाली. पूर्वी पुरुषच करीत असलेल्या स्त्रीभूमिका आता अभिनेत्री करतात.

गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या व्यवसायाचे केंद्र आहे. वैनगंगेकाठच्या या गावातून गोंदिया-बल्लारशा रेल्वेमार्ग जातो. नाट्यमंडळांची कार्यालये येथेच आहेत. प्रयोग ठेवणाऱ्या गावाचे मंडळ वडशाला येऊन नाटक ठरवते, तिकिटे विकते आणि मंडप उभारते. कलावंत, वादक, नेपथ्य आणि ध्वनिव्यवस्था नाट्यमंडळ पुरवते. प्रयोगाच्या दिवशी गावात घरोघरी पाहुणे उतरतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीही जुळतात.

रात्री उशिरा वर गेलेला पडदा पहाटेच पडतो. ऑर्गन, तबला आणि ऑक्टोपॅडच्या साथीने गाणी रंगतात. आज एका गावी, उद्या दुसऱ्या गावी असा प्रवास असल्याने तालमींना वेळ थोडा मिळतो. म्हणून प्रॉम्प्टरचे काम महत्त्वाचे ठरते. कौटुंबिक कथानक, विनोदी पात्रे आणि लावणी यांबरोबर हुंडा, व्यसन, अंधश्रद्धा हे विषयही येतात. सिंदेवाही तालुक्यातील नवरगावच्या सदानंद बोरकर यांनी ‘आत्महत्या’ या नाटकातून शेतकऱ्याचे दुःख रंगमंचावर आणले.

गडचिरोली जिल्ह्यातील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि या परंपरेला राष्ट्रीय सन्मान लाभला. त्याआधी करोनाच्या साथीत प्रयोग थांबले, तेव्हा नटांपासून मंडपवाल्यांपर्यंत सर्वांची हंगामी कमाई बुडाली होती. धान पिकले नाही, तरी त्याची झळ तिकीटविक्रीला बसते. तरीही मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांवर विसंबून न राहता ही रंगभूमी टिकली आहे. स्वतःच्या पैशाने तिकीट काढून रात्रभर जागणारा गावचा प्रेक्षक हाच तिचा खरा आश्रयदाता आहे.