ओळखींचा ताळेबंद

मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानाच्या पुस्तिकेत उद्योगव्यवसायावर का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. त्याला कारण झाला एक माजी विद्यार्थी. दुबईतील एका कंपनीत तो मोठ्या हुद्द्यावर आहे. गणपतीच्या सुटीत हिंडलग्यास आला असता त्याने रबराने बांधलेला व्हिजिटिंग कार्डांचा जाडजूड गठ्ठा माझ्यापुढे ठेवला आणि तो म्हणाला, "सर, वर्षभरात एवढ्या माणसांना भेटलो. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी यात जातात. घरी पोचतो तेव्हा मुलगी झोपलेली असते. आणि यांतल्या दहा जणांचे चेहरेसुद्धा मला आठवत नाहीत."

त्याची ही तक्रार मला क्षुल्लक वाटली नाही. आखाती देशांत राहण्याचा परवाना बहुधा नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी गेली तर थोड्या मुदतीत दुसरी शोधावी लागते, नाहीतर बिऱ्हाड आवरावे लागते. अशा वेळी उपयोगी पडतील म्हणून तो ओळखी करीत होता. परंतु त्या पायी घर हातचे जात होते आणि ओळखी तर होतच नव्हत्या.

आपल्या भाषेत ओळख 'होते', ओळख 'करून देतात' आणि ओळख 'ठेवतात'. पहिल्या दोन क्रियांना एक संध्याकाळ पुरते. तिसरीला वर्षे लागतात. माझ्या विद्यार्थ्याचा सारा खर्च पहिल्या दोन क्रियांवर होत होता.

ठेवलेली ओळख काय करू शकते, याचे उदाहरण बेळगावकरांना दूर शोधावे लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा सायकलींचा व्यवसाय आणि पुढे शेतीच्या अवजारांचा कारखाना बेळगावातच सुरू झाला. नगरपालिकेला जागा हवी झाल्यामुळे त्यांना तेथून हलावे लागले. त्या अडचणीच्या काळात औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. कुंडल रोड स्थानकाजवळचा माळ त्यांनी कारखान्यासाठी दिला आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. हा विश्वास अडचणीच्या दिवशी निर्माण झालेला नव्हता. लक्ष्मणरावांचे काम आणि सचोटी बाळासाहेबांना आधीपासून ठाऊक होती. गरज पडल्यावर जोडू पाहिलेली ओळख ही याचना ठरते. गरजेपूर्वी जोपासलेली ओळख आधार होते.

दुसरा प्रश्न असा की ओळख कोणाशी ठेवावी? अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात ओळखीतून नोकरी मिळवलेल्यांना त्यांनी विचारले, की ज्याने बातमी दिली तो माणूस तुम्हांला किती वेळा भेटत असे? नमुना लहान होता, पण उत्तर विचार करावयास लावणारे निघाले. वरचेवर भेटणाऱ्याकडून बातमी मिळालेले सतरा टक्क्यांच्या आसपास होते. उरलेल्यांना ती अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्याकडून मिळाली होती. कारण उघड आहे. जवळच्या मित्रांना जे ठाऊक, ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असते. नवी वार्ता दुसऱ्या आळीतून येते.

म्हणून परदेशातील महाराष्ट्र मंडळे सुखदुःखाला हवीतच. लंडनचे मंडळ १९३२ पासून आणि उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून हा जिव्हाळा जपत आले आहे. परंतु केवळ आपल्याच माणसांत बसणाऱ्याचे जग रुंदावत नाही. येथे सीमाभागातील मुलाजवळ एक भांडवल असते, ज्याची त्याला जाणीव नसते. घरी मराठी, बाजारात कन्नड, पाहुण्यांकडे कोकणी, प्रवासात हिंदी, असे त्याचे बालपण गेलेले असते. समोरच्याच्या भाषेत दोन पावले पुढे जाण्याची ही सवय केरळी, पाकिस्तानी, अरब सहकाऱ्यांमध्ये वावरताना फार मोलाची ठरते.

तिसरा प्रश्न वेळेचा. शिकागोत एकाकी पडलेले पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी तिघा व्यावसायिकांना एकत्र आणले. पुढे आळीपाळीने एकेकाच्या कचेरीत बैठक भरू लागली. त्या फेऱ्यांवरूनच 'रोटरी' हे नाव पडले. मोठ्या हॉटेलातील गर्दीपेक्षा दुसऱ्याच्या कामाच्या जागी घालवलेली अर्धी घटका माणूस अधिक दाखवते, हे त्या चौघांनी ओळखले होते.

हे सारे मी त्या विद्यार्थ्याला सांगितले आणि आम्ही मिळून चार नियम ठरवले. कोणत्याही समारंभास निघण्यापूर्वी 'मला कोणाला भेटायचे आहे आणि त्याच्या काय उपयोगी पडता येईल?' असे स्वतःला विचारावे. उत्तर नसेल तर घरी जावे. तेथे दोघातिघांशीच, पण त्यांच्या अडचणीविषयी बोलावे. त्याच रात्री कार्डाच्या पाठीवर तारीख, स्थळ आणि दिलेला शब्द लिहावा, आणि तो शब्द, मग तो एखादा पत्ता कळवण्याचा का असेना, दोन दिवसांत पाळावा. आणि वीस माणसे निवडून प्रत्येकाला वर्षातून दोनदा, काहीही काम नसताना, चार ओळी लिहाव्यात. वर्षाकाठी चाळीस पत्रे. म्हणजे आठवड्याला एकही पुरी होत नाही!

गठ्ठ्यातून त्याने अकरा कार्डे निवडली. बाकीची माझ्या टेबलावर राहिली. "अकराच?" मी विचारले. तो म्हणाला, "सर, उरलेल्या नऊ जागा मोकळ्या ठेवतो. त्यांतली एक उद्यमबागेतल्या माझ्या वर्गमित्राची. त्याला कास्टिंगसाठी परदेशी गिऱ्हाईक हवे आहे, हे मला काल कळले. आणि मी तर सहा वर्षांत त्याला साधा फोनही केला नव्हता."

महिन्याभराने त्याचा फोन आला. वर्गमित्राचे काम अजून जमले नव्हते, बोलणी चालू होती. आठवड्यातली एकच संध्याकाळ आता तो बाहेर घालवत होता. बोलता बोलता मध्येच तो थांबला. मुलीला गृहपाठात काही अडले होते. मी फोन ठेवला.